दोन नावांचा समुद्र

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून गेले होते. टेबलाच्या एका बाजूला जपानहून आलेले तिघे. समोर कोरियातल्या बुसानजवळच्या, साचे बनवणाऱ्या कंपनीचे दोघे. आणि मध्ये आमचे पुण्याचे लोक, ज्यांना फक्त माल दिवाळीआधी येतोय की नाही एवढंच कळून घ्यायचं होतं. साचे बुसानहून जपानात तोयामाला जाणार, तिथे त्यांच्यावर शेवटचा हात फिरणार आणि मग ते न्हावा-शेवाला येणार. पडद्यावर नकाशा आला. बुसानपासून तोयामापर्यंत लाल बाण, बाणाखाली निळा समुद्र आणि त्यावर तीन चित्रलिपी अक्षरं. निहोनकाई. जपानचा समुद्र.

कोरियन पाहुण्यांपैकी जे वयाने मोठे होते त्यांचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ, सभ्य जपानीत म्हणाले, "या समुद्राला आमच्याकडे हे नाव नाही."

ज्यांना जपानी कळत होतं ते सगळे गप्प झाले. आमचे खरेदी विभागाचे साहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय झालं मॅडम? तारीख पुढे जातीये का?"

मी म्हटलं, "नाही, समुद्राच्या नावाबद्दल काहीतरी आहे."

"समुद्र कुठला का असेना, जहाज कधी निघतंय ते विचारा."

हसू आवरणं अवघड होतं, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. जपानी कंपनीचे काचो, म्हणजे सेक्शन प्रमुख, कानापर्यंत लाल झाले होते. ते अर्धवट उठून 'सुमिमासेन', माफ करा, म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. दुसऱ्या दिवशी नकाशा तोच होता, बाणही तोच, पण निळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

कोरियन लोक त्या समुद्राला दोंगहे म्हणतात, म्हणजे पूर्वेचा समुद्र. जगभरच्या नकाशांवर 'जपानचा समुद्र' पक्कं झालं ते आंतरराष्ट्रीय जलमापन संस्थेच्या १९२९ सालच्या पुस्तिकेमुळे. तेव्हा कोरिया नावाचा देशच नव्हता, १९१० सालीच जपानने तो गिळलेला होता. नावाची नोंद होत असताना आमची खुर्चीच तिथे नव्हती, हे कोरियाचं म्हणणं. नाव त्याआधीपासूनच जगात रूढ होतं, हे जपानचं. २०२० साली त्या संस्थेने नव्या डिजिटल व्यवस्थेपुरता तोडगा काढला: समुद्रांना नावांऐवजी आकडे. भांडणारी पोरं ऐकेनात की मास्तर त्यांना हजेरीपटावरच्या नंबराने हाक मारतात, तसं. हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर एखाद्या मराठी माणसासमोर बेळगावला बेळगावी म्हणून बघा.

मी जपानी शिकले सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. माडीवरच्या खोलीत वर्ग भरायचा आणि खाली कुणाच्यातरी कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या. चार वर्षांत आम्ही फुलांची मांडणी शिकलो, चहाचा समारंभ शिकलो, वाकून नमस्कार किती अंशांत करायचा ते शिकलो. कोरियाचं नाव त्या चार वर्षांत एकदाही आल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात तर जपान म्हणजे नेताजींचा जपान. वडिलांच्या लेखी जपानी सैन्य हे आझाद हिंद सेनेच्या खांद्याला खांदा लावून लढलेलं सैन्य, विषय संपला. राधाबिनोद पाल यांचं नाव मी पहिल्यांदा वडिलांच्याच तोंडून ऐकलं. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सगळे आरोपी निर्दोष आहेत असं वेगळं निकालपत्र लिहिणारे एकटे भारतीय न्यायमूर्ती. युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांना जिथे पुजतात त्या टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात २००५ पासून त्यांचं स्मारक आहे. मी तिथे फोटो काढून वडिलांना पाठवला तेव्हा त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नव्हते, आक्षेप त्या खटल्याच्या कायदेशीर पायावर होता, ही बारीक गोष्ट ग्रुपवर जाण्यासारखी नव्हती. त्या खटल्यात कोरियातली ३५ वर्षांची राजवट हा मुद्दाच नव्हता, हेही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि आपलं स्वतःचं तरी आपल्याला कुठे आठवतं? अंदमान १९४२ पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होतं. ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंज इथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. अंदमान म्हटलं की आम्हाला सेल्युलर जेल आणि काळं पाणी आठवतं, कारण तिथे छळणारा इंग्रज होता. जपानी माणूस छळणारा म्हणून आमच्या गोष्टीत बसत नाही, म्हणून ती तीन वर्षं आम्ही सोडून देतो.

ओसाकाला मी गेले २०११ च्या एप्रिलमध्ये. त्सुनामी होऊन जेमतेम महिना झाला होता आणि आई विमानतळापर्यंत रडत आली होती. कंपनीच्या यादीतल्या घरांची भाडी परवडेनात, म्हणून मी त्सुरुहाशी स्टेशनजवळ एक खोली घेतली. ऑफिसात पत्ता सांगितला की लोक क्षणभर थांबायचे, मग म्हणायचे, "हो का, तिथे खाण्याची मजा आहे." तो क्षणभराचा थांबा काय असतो ते मला पुढे कळलं. आपल्याकडे आडनाव सांगितल्यावर कधीकधी असतो, तसाच. गाडीचं दार उघडलं की फलाटावरच भाजलेल्या मांसाचा वास येतो. पर्यावरण खात्याने २००१ साली देशभरातले शंभर निवडक सुगंध जाहीर केले त्यात त्सुरुहाशी स्टेशनचा परिसर आहे. ज्या वासावरून एकेकाळी शाळेत कोरियन पोरांना चिडवलं जायचं, त्याच वासाला सरकारी प्रमाणपत्र.

स्टेशनपासून थोडं चाललं की इकुनोचा कोरियन बाजार. तिथे मला तिखट सापडलं. खरं सांगायचं तर इतिहास वगैरे काही नाही, सहा आठवडे फिकं खाऊन जीव मेटाकुटीला आला होता आणि एका दुकानात लालभडक किमचीची, कोबीच्या कोरियन लोणच्याची, पातेली दिसली. दुकानात ऐंशीच्या आसपासची एक म्हातारी बसलेली असायची. मी एक घास खाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, तशी ती म्हणाली, "होन्मा? तिखट लागत नाही? कुठली गं तू?" तेव्हापासून मी तिची 'इंदो नो नेचान' झाले, भारतातली ताई. आणि ती माझी हलमोनी. कोरियनमध्ये हलमोनी म्हणजे आजी. बाकी ती बोलायची ते अस्सल ओसाकाच्या गावरान जपानीत, माझी पुस्तकी भाषा ऐकून तिला हसू यायचं.

हलमोनीला तीन नावं होती. इथे एकही लिहीत नाही, तिच्या घरच्यांना आवडणार नाही. पहिलं कोरियातल्या जेजू बेटावरच्या गावात बापाने ठेवलेलं. दुसरं १९४० साली लागलेलं. त्या वर्षी कोरियन लोकांनी जपानी धर्तीचं कुलनाम नोंदवावं असा हुकूम अंमलात आला. कागदोपत्री सक्ती नव्हती म्हणे, पण नाव न बदलणाऱ्या घरातल्या पोराला शाळेत आणि रेशनला जे भोगावं लागे ते बघता सुमारे ऐंशी टक्के घरांनी सहा महिन्यांत नाव नोंदवलं. हलमोनी तेव्हा दहा वर्षांची. शाळेत आपल्या भाषेत बोललं की छडी बसायची. जपानी विषयाला कोकुगो म्हणायचे, राष्ट्राची भाषा. कुठल्या राष्ट्राची, असं विचारण्याचं ते वय नव्हतं.

तिचा बाप त्याआधीच ओसाकाच्या रबराच्या कारखान्यांत राबत होता. जेजूहून ओसाकाला थेट बोट यायची, तिचं नाव किमिगायो मारू. किमिगायो म्हणजे जपानचं राष्ट्रगीत. राष्ट्रगीतात बसून परक्याच्या देशी मजुरीला जायचं. ज्या वस्तीत ते लोक उतरायचे तिचं नाव इकाइनो. ते नाव १९७३ साली पत्त्यांच्या फेरमांडणीत नकाशावरून गेलं. 'तिथे राहतो म्हटलं की स्थळं येत नव्हती,' हे हलमोनीचं त्यावरचं भाष्य. तिला नाव गेल्याचं फारसं दुःख नव्हतं. दुःख मला झालं, आणि ते फुकटचं होतं.

ती स्वतः मात्र आली युद्धानंतर. हे ऐकून मी चकित झाले होते. १९४५ ला देश सुटला, आणि १९४८ ला जेजूवर उठाव झाला. तो मोडताना आपल्याच सैन्याने आणि पोलिसांनी गावंच्या गावं जाळली. पंचवीस ते तीस हजार माणसं मेली असा अंदाज आहे. अठरा वर्षांची ही पोर रात्री चोरट्या होडीत बसली आणि ज्या देशाने तिचं नाव काढून घेतलं होतं त्याच देशात जीव वाचवायला आली, कारण तिथे बाप होता आणि तिथली भाषा येत होती. १९५२ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि जपानमधल्या कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. अशा लोकांना जपानीत झाइनिची म्हणतात. शब्दाचा अर्थ 'जपानात असलेले' एवढाच. तीन पिढ्या झाल्या तरी पाहुणेच. तिचं तिसरं नाव तेव्हाचं, त्सूमेई, म्हणजे व्यवहाराचं नाव. दुकानाच्या पाटीवर, विजेच्या बिलावर, पोरांच्या शाळेत तेच. मी एकदा विचारलं, कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते? ती म्हणाली, "शाऽनाय. जो हाक मारतो त्याला काहीतरी हवं असतं. नाव कुठलं का असेना." शाऽनाय म्हणजे आपलं 'चालायचंच'.

२०१२ च्या १५ ऑगस्टला मी शिरा केला. ओबोनची सुट्टी होती, ऑफिस बंद, एकटीला करमत नव्हतं. डबा घेऊन हलमोनीकडे गेले आणि म्हटलं, आज आमचा स्वातंत्र्यदिन. ती म्हणाली, "आमचाही." मला हे खरंच माहीत नव्हतं. लाजच वाटली. कोरियात या दिवसाला ग्वांगबोकजोल म्हणतात, प्रकाश परत आला तो दिवस. जपानमध्ये त्याच दिवसाला म्हणतात शूसेन किनेनबी, युद्ध संपल्याचा स्मृतिदिन. हरल्याचा नाही, संपल्याचा. पाऊस संपतो, सुट्टी संपते, तसं ते युद्ध संपलं.

त्या वर्षीचा ऑगस्ट वेगळाच तापला होता. १० तारखेला दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ली म्युंग-बाक एका खडकावर जाऊन उभे राहिले. कोरियन लोक त्याला दोकदो म्हणतात, जपानी ताकेशिमा. क्षेत्रफळ साधारण ४६ एकर. सांगली भागात एवढी द्राक्षबाग बाळगणारे लोक मला माहीत आहेत. ताबा कोरियाचा, हक्क दोघेही सांगतात. त्याच दिवशी लंडन ऑलिंपिकमध्ये कोरियाने जपानला हरवून फुटबॉलचं कांस्यपदक घेतलं आणि एका खेळाडूने मैदानात 'दोकदो आमचं' असा फलक धरला. आठवडाभरात बाजारातली जपानी गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. कोरियन मालिकांच्या नायकांचे फोटो विकणाऱ्या पोरीने एक पेटी बांधून आत ठेवली. हलमोनीने शिरा चमच्याने खाल्ला, "फार गोड" म्हणाली आणि उरलेला नातीसाठी झाकून ठेवला. नात तेव्हा कॉलेजात होती. तिने नुकतंच ठरवलं होतं की व्यवहाराचं नाव टाकायचं आणि खरंच लावायचं. त्यावरून घरात अबोला होता.

२०१३ च्या फेब्रुवारीत त्सुरुहाशीला तो मोर्चा झाला. मी त्या रविवारी कोबेला गेले होते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलं नाही. व्हिडिओ पाहिला. शाळकरी वयाची एक मुलगी हातात लाउडस्पीकर घेऊन कोरियन लोकांना सांगत होती की तुम्ही निघून गेला नाहीत तर इथे कत्तल करू. मागून मोठी माणसं होकार भरत होती. मला त्या मुलीच्या आवाजापेक्षा तिचं व्याकरण जास्त लागलं. स्वच्छ, शाळेत शिकवतात तसं. हलमोनीने शटर अर्ध्यावर ओढलं होतं. पूर्ण का नाही, विचारलं तर म्हणाली, "रविवार धंद्याचा." मग थोड्या वेळाने, किमचीच्या पानांना मसाला लावत, तिने बापाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. १९२३ च्या सप्टेंबरात टोकियोला मोठा भूकंप झाला, तेव्हा कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत अशी अफवा उठली. गावोगावच्या टोळ्या माणसं अडवून 'पंधरा येन पन्नास सेन' म्हणायला लावत. कोरियन जिभेला तो उच्चार नीट जमत नसे. जमला नाही की संपलं. हजारो माणसं मेली. "जूगोएन गोजिस्सेन," हलमोनी म्हणाली, अगदी बिनचूक. "लहानपणी बापाने घोकून घेतलं होतं." शब्दावर माणूस मरतो हे मी दुभाषी असून तोपर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा जपानी सहकारी भला माणूस होता. मी आजारी पडले तेव्हा खोलीवर पेज आणून देणारा. एकदा इझाकायात दुसऱ्या ग्लासानंतर तो म्हणाला, "मला एक सांग, मी किती वेळा माफी मागायची? माझा बापसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता." त्याच्या शाळेत वर्ष संपेपर्यंत इतिहास मेइजी काळाच्या, म्हणजे १९१२ च्या, पुढे जेमतेम सरकायचा. आपल्याकडेही परीक्षेच्या आधी शेवटचे धडे 'घरी वाचा'वर जातातच. पण पुढे तो बोलला ते मी विसरलेले नाही. त्याचे आजोबा सोलमध्ये जन्मले होते. तेव्हा त्याचं नाव केइजो. युद्ध संपलं तेव्हा कोरियात सुमारे सात लाख जपानी राहत होते, ते सगळे सामानाचं एकेक बोचकं घेऊन परत आले. आजोबा जन्मभर तिथल्या नाशपातीची आठवण काढत. "त्यांना तिथे परत जायचं होतं, पण कुठल्या तोंडाने जाणार, म्हणायचे," तो म्हणाला. आजोबांना लाज ठाऊक होती. नातवाला फक्त वैताग वारशात मिळाला. आणि तो वैताग खोटा नव्हता.

कारण माफी मागितलीच नाही असं नाही. दुभाषी म्हणून मी त्या सगळ्या निवेदनांचे मूळ पाठ पुढे काढून वाचले, एखादीने रेसिपी तपासाव्या तसे. १९९० मध्ये सम्राट अकिहितो यांनी कोरियाच्या अध्यक्षांसमोर 'त्सूसेकी नो नेन' म्हटलं. हळहळ म्हणा, खेद म्हणा, पण रोजच्या बोलण्यात न येणारा तो शब्द. १९९३ मध्ये सरकारचे प्रवक्ते कोनो यांचं निवेदन, लष्करासाठी वेश्यागृहांत कोंडलेल्या बायकांबद्दल. १९९५ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधान मुरायामा यांनी 'वसाहतीची राजवट' आणि 'आक्रमण' हे शब्द स्वच्छ उच्चारले आणि मनापासून 'ओवाबी', म्हणजे क्षमायाचना, म्हटलं. १९९८ मध्ये जपानचे पंतप्रधान ओबुची आणि कोरियाचे अध्यक्ष किम दे-जुंग यांच्या संयुक्त घोषणेत ते कोरियाच्या नावानिशी लेखी आलं. मराठीत यांतल्या प्रत्येकाला काय म्हणायचं? आपल्याकडे 'दिलगिरी' आहे. वर्तमानपत्रात चुकीचा फोटो छापला की दुसऱ्या दिवशी तळाच्या कोपऱ्यात व्यक्त होते ती. 'क्षमस्व' आहे, रस्त्याचं काम चालू असल्याच्या फलकावर. 'सॉरी' आहे, गर्दीत पाय पडला की. आणि एक 'चुकलं माझं' आहे, जे म्हणताना आवाज बदलतो. कोरियातल्या म्हाताऱ्या बायका जे मागत होत्या ते शेवटचं. त्यांना मिळत राहिली ती वेगवेगळ्या प्रतीची दिलगिरी. आणि प्रत्येक निवेदनानंतर वर्ष-दोन वर्षांत एखादा मंत्री यासुकुनीत जाऊन यायचा किंवा कुणीतरी म्हणायचं की बायका राजीखुशीने आल्या होत्या, की पाटी पुन्हा कोरी. इंग्लंडच्या पंतप्रधान २०१९ मध्ये जालियनवालाबद्दल 'खेद' म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या, तेव्हा आपल्यालाही ते शब्दांमधलं अंतर बरोबर कळलं होतं की.

शब्दांच्या या खेळाचा कळस म्हणजे १९६५ चा करार. जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संबंध सुरू केले तो. १९१० च्या विलीनीकरणाचं काय करायचं यावर चौदा वर्षं घासाघीस चालली होती. शेवटी इंग्रजी पाठात एक शब्द घातला: जुने सगळे तह 'ऑलरेडी' रद्दबातल आहेत. जपानी पाठात तिथे आहे 'मोहाया', कोरियनमध्ये 'इमी'. जपानने वाचलं: ते तह तेव्हा वैध होते, आता राहिले नाहीत. कोरियाने वाचलं: ते मुळातच कधी वैध नव्हते. दोघांनी आपापल्या घरी जाऊन आपापला अर्थ सांगितला. पुण्यात आपण दिवसातून वीस वेळा वापरतो तो शब्द, 'मी ऑलरेडी जेवलीये'. ज्याने कुणी तो तिथे ठेवला असेल तो माझ्या धंद्यातला अव्वल कारागीर होता, आणि त्याने साठ वर्षांचं भांडण त्या फटीत ठेवून दिलं असंही मला वाटतं. कारण राजवट वैध होती असं धरलं तर खाणीत राबवलेला मजूर हा सरकारी हुकुमाने कामावर आलेला नागरिक. वैध नव्हती असं धरलं तर तो पळवून नेलेला माणूस. करारात जपानने ३० कोटी डॉलर्स अनुदान आणि २० कोटी कर्ज दिलं, दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' मिटले असं लिहून घेतलं. त्या पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला. राबलेल्या माणसांच्या घरात फार थोडं पोचलं, आणि त्याचा जाब सोलच्या तेव्हाच्या लष्करी राजवटीलाही विचारायला हवा. अध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः जपानी लष्करी शिक्षण घेतलेले, तरुणपणी जपानी नाव लावणारे.

या हिशेबातून जे निसटले त्यांच्याबद्दल वाचताना मी कधीकधी पुस्तक मिटून ठेवलं. १४८ कोरियन माणसांना युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झाल्या, त्यातल्या २३ जणांना मृत्युदंड. बरेचसे युद्धकैद्यांच्या छावण्यांवरचे पहारेकरी. शिक्षा झाली ती जपानी म्हणून. पुढे नागरिकत्व गेलं, तेव्हा जपानी सैनिकांना मिळणारं पेन्शन त्यांना नाही, कारण ते परदेशी. यासुकुनीच्या यादीत सुमारे २१ हजार कोरियन सैनिकांची नावं आहेत. काही घरच्यांनी अर्ज केले, आमच्या माणसाचं नाव काढा. देवळाचं म्हणणं, एकदा एकत्र पुजलेला आत्मा वेगळा काढता येत नाही. मी तिथे पाल यांच्या स्मारकाचा फोटो काढत होते तेव्हा हे मला माहीत असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुतेक फोटो काढलाच असता.

सोलला मी गेले २०१३ च्या शरदात, चार दिवस. जपानी वकिलातीसमोरचा मुलीचा पुतळा पाहिला, लष्करी वेश्यागृहांत कोंडलेल्या त्या बायकांच्या आठवणीचा. १४ डिसेंबर २०११ ला, त्यांच्यासाठी दर बुधवारी होणाऱ्या निदर्शनांची हजारावी फेरी होती तेव्हा बसवलेला. त्या बायकांबद्दल बोलतात खूप, पण जवळ गेल्याशिवाय तिच्या टाचा दिसत नाहीत. अनवाणी आहे आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. परत आली पण टेकता आलं नाही. शेजारी रिकामी खुर्ची आहे. कुणीतरी तिला लोकरीची टोपी घातली होती. मी खुर्चीवर बसले नाही. कुणी अडवलं नसतं, पण नाही बसवलं. सोदेमुनच्या जुन्या तुरुंगात शाळेच्या सहली आल्या होत्या, आपल्याकडे सिंहगडावर येतात तशाच, अर्धी पोरं डब्यात गुंतलेली. तिथे १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीबद्दल वाचताना एक तारीख दिसली. १५ एप्रिल १९१९, सुवनजवळच्या जेआम गावात जपानी सैनिकांनी लोकांना चर्चमध्ये बोलावून दारं लावली, गोळ्या घातल्या आणि आग लावली. वीसहून जास्त माणसं गेली. जालियनवालाला तेव्हा दोन दिवस झाले होते.

त्याच दिवशी दुपारी तापगोल बागेत एका बाकावर म्हातारे गृहस्थ भेटले. मला रस्ता विचारायचा होता, इंग्रजी जमेना, मी नाइलाजाने जपानीत विचारलं आणि लगेच जीभ चावली. त्यांनी उत्तर दिलं ते इतक्या सुंदर, जुन्या वळणाच्या जपानीत की मी पाहतच राहिले. तशी भाषा आता जपानमध्ये कुणी बोलत नाही. मी कौतुक केलं. ते म्हणाले, "साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच बोललो." मग थोडं थांबून, "गुणाकार अजून याच भाषेत करतो. दुसऱ्या भाषेत येतच नाहीत." आणि सात एके सातपासून जपानी पाढा म्हणून दाखवला. चेहऱ्यावर आनंद होता की राग, मला ठरवता आलं नाही.

पुण्याला परतल्यावर हे सगळं मागे पडेल असं वाटलं होतं. २०१५ च्या डिसेंबरात दोन सरकारांनी लष्करी वेश्यागृहांच्या प्रश्नावर 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' समझोता केला, १०० कोटी येनचा निधी, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्या बायकांना नीट विचारलंच नव्हतं. त्या निधीसाठी काढलेली संस्था तीन वर्षांत बंद झाली. ३० ऑक्टोबर २०१८ ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टीलला चार मजुरांना प्रत्येकी दहा कोटी वॉन द्यायला सांगितलं. चौघांतला एकच जिवंत होता, वय ९४. माझ्याकडे येणाऱ्या जपानी कागदपत्रांत त्या मजुरांचा शब्द बदलला. आधी 'चोयोको' असायचं, सक्तीने भरती केलेले कामगार. आता 'कोरियन द्वीपकल्पातून आलेले माजी कामगार'. सक्ती वाक्यातून गळून पडली होती. जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर अंकुश लावला, कोरियात जपानी बिअर आणि कपड्यांवर बहिष्कार पडला. २०२३ मध्ये अध्यक्ष युन सक-योल यांनी भरपाई कोरियन निधीतूनच देण्याचा मार्ग काढला, टोकियोला जाऊन ओमुराइस, म्हणजे ऑम्लेटमध्ये गुंडाळलेला भात, खाल्ला, आणि त्या मे महिन्यात हिरोशिमाच्या कोरियन बळींच्या स्मारकासमोर दोन्ही देशांच्या नेत्यांनी पहिल्यांदा एकत्र मान झुकवली. ते स्मारक १९७० मध्ये उभारलं तेव्हा शांतता उद्यानाच्या बाहेर होतं. आत यायला १९९९ उजाडलं. आणि या सगळ्या काळात लोक काय करतात? २०२४ मध्ये सुमारे ८८ लाख कोरियन जपानला फिरायला गेले. इतर कुठल्याही देशातून एवढे गेले नाहीत.

चाकणच्या त्या बैठकीनंतर रात्री सगळे जेवायला गेलो, पुण्यातल्याच एका कोरियन हॉटेलात. जागा काचोंनी सुचवली होती. समुद्राचा विषय कुणी काढला नाही. काचो आणि ते वयाने मोठे कोरियन पाहुणे जपानीत फिशिंगबद्दल बोलत होते, मला मध्ये बोलण्याची गरज पडली नाही. एकाच समुद्राच्या दोन काठांवर दोघेही गळ टाकून बसतात, एवढं मला कळलं. त्या समुद्राला दोघेही नुसतं 'उमी', म्हणजे समुद्र, म्हणत होते.

हलमोनी त्याच हिवाळ्यात गेली. नातीने कळवलं. आता ती खरं नाव लावते, दुकानही तीच चालवते. काही महिन्यांनी तिने थडग्याच्या दगडाचा फोटो पाठवला. दर्शनी बाजूला जेजूच्या गावाचं नाव आणि बापाने ठेवलेलं नाव, मोठ्या अक्षरांत. दुसरा फोटो मागच्या बाजूचा होता. तिथे खाली, लहान अक्षरांत, दुकानाच्या पाटीवरचं नाव.

हे का, असं मी विचारलं. तिचं उत्तर आलं, "आजीने सांगून ठेवलं होतं. म्हणे, गिऱ्हाइकं आली तर त्यांना सापडायला नको का?"